बुजवलेली विहीर

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात किंवा गल्लीत एखादी जुनी विहीर आहे का? असेल, तर हा पाठ वाचून झाल्यावर तिच्यात एकदा डोकावून या. आमच्या घरातही एक विहीर होती. आज ती नाही. ती बुजवण्यात माझाही हात होता. ती गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

आमचे घर जालन्यात, काद्राबाद भागात. कुंडलिका नदी तेथून जवळच. 'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. पण पाण्यावाचून सोन्याचा पाळणाही कोरडाच, हे येथील जुन्या लोकांना ठाऊक होते. मलिक अंबरच्या काळात जमशेद खान नावाचा येथील अधिकारी होता. त्याने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून तलावाचे पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. पुढे निजामाच्या राजवटीत शहरासाठी घाणेवाडीचा तलाव झाला. त्याला आता संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. तलाव उंचावर असल्यामुळे पाणी उतारावरून आपोआप शहराकडे येई.

आमची विहीर अंगणाच्या कोपऱ्यात होती. दगडी बांधणीची, फार रुंद नव्हे, पण खोल. १९७२ साली मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. गल्लीतल्या कितीतरी विहिरी आटल्या. आमच्या विहिरीच्या तळाशी मात्र थोडे पाणी राहिले. पहाटेपासून शेजारच्या बाया घागरी घेऊन येत. दादी रहाटाजवळ बसून असे. कोण कोणत्या जातीचे, कोण कोणत्या धर्माचे, हे ती विचारत नसे. "एका घराला दोन घागरी," एवढाच तिचा नियम होता. आमच्या घरालाही तोच नियम होता. तिसरी घागर मागितली म्हणून मी एकदा तिच्या हातचा धपाटाही खाल्ला.

पुढे अंगणात नळ आला. तोटी फिरवली की पाणी! आम्हां मुलांना ती जादूच वाटली. हळूहळू रहाटाला गंज चढला, विहिरीत पालापाचोळा पडू लागला. १९७८ साली थोरल्या भावाचे लग्न ठरले. घरात खोल्या कमी होत्या. विहीर बुजवून तेथे एक खोली बांधावी, असे अब्बांच्या मनात आले. त्यांनी रात्री जेवण झाल्यावर सर्वांना विचारले. काका म्हणाले, "आता विहिरीचे काय काम?" अम्मी म्हणाली, "लहान मुले पडतील, अशी धास्ती असते." दादी तेवढी म्हणाली, "कुआं मत पाटो, बेटा. नल सरकार का है, कुआं अपना है."

मग अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा दहावीत होतो. दादीचे म्हणणे मला पटले होते. १९७२ च्या त्या घागरी मी विसरलो नव्हतो. पण बाहेरची जुनी खोली मला अभ्यासाला मिळेल, असे अब्बांनी आधीच सांगून ठेवले होते. मी म्हणालो, "बुजवू या." आठ दिवसांत विटांचे तुकडे, माती आणि मुरूम टाकून विहीर भरली. दादी त्या आठ दिवसांत अंगणात आली नाही.

मित्रांनो, पस्तीस वर्षे गेली. दादी गेली, अब्बाही गेले. मी शिक्षक झालो. २०१२ साली पाऊस फार कमी झाला आणि २०१३ चा उन्हाळा आला. घाणेवाडीचा जलाशय कोरडा पडला. आमच्या गल्लीत आठवड्यांमागून आठवडे नळ येत नसे. मी पैसे मोजून टँकर मागवू लागलो. एका सकाळी टँकरचा माणूस पाइप ओढत आमच्या अंगणात आला आणि नेमका त्या खोलीच्या दारात उभा राहिला. "सर, पाणी कुठे सोडू?" त्याने विचारले. मला उत्तर सुचेना. पायाखाली विहीर होती आणि मी पाणी विकत घेत होतो.

त्या दिवसांत जिकडेतिकडे पाण्याचीच चर्चा चाले. चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर, बाजारात एकच वाक्य ऐकू येई, "हे सरकारचे काम आहे." मीही तेच म्हणत होतो. पण काही नागरिक घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या नावाने एकत्र आले होते. त्यांचे म्हणणे साधे होते. जलाशयात वर्षानुवर्षे गाळ साचला आहे. जेथे पाणी राहायचे, ती जागा गाळाने घेतली आहे. गाळ काढला तर पुढच्या पावसात तेवढे पाणी अधिक मावेल. उद्योजकांनी, व्यापाऱ्यांनी आणि सामान्य माणसांनी पैसे दिले. गाळ काढण्यासाठी मोठी यंत्रे लागली. शेतकऱ्यांनी तो सुपीक गाळ आपल्या शेतांत नेऊन टाकला.

एका रविवारी मीही तेथे गेलो. भेगाळलेल्या तळावर उभा राहिलो. शेजारी एक वृद्ध शेतकरी ट्रॅक्टर भरण्याची वाट पाहत होते. मी त्यांना म्हणालो, "काका, आता लोकांना पाण्याची किंमत कळली." ते हसले. म्हणाले, "मास्तर, तहान लागली की सगळ्यांनाच कळते. पाऊस पडल्यावर किती जणांच्या ध्यानात राहते, ते बघा."

ते खरे बोलले. २०१३ च्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. गल्लीत लोकांनी एकमेकांना पेढे दिले. महिनाभरातच नळाला तोटी नसलेल्या घरांतून पाणी पुन्हा रस्त्यावर वाहू लागले. कुंडलिकेच्या पात्रात पुन्हा कचऱ्याच्या पिशव्या पडू लागल्या. एक पिशवी टाकताना मी माझ्याच एका विद्यार्थ्याला पाहिले. मी रागावलो, तेव्हा तो म्हणाला, "सर, सगळेच टाकतात." मी गप्प झालो. १९७८ साली मी तरी दुसरे काय केले होते?

लोकमत म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. ते कोठून तरी बाहेरून येत नाही. तुमचे, माझे आणि शेजाऱ्याचे मत मिळूनच ते होते. ते टिकवायचे असेल, तर त्याचा नियम करावा लागतो. आपल्याच तालुक्यातील कडवंची गाव पाहा. तेथे १९९६ च्या सुमारास खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने पाणलोटाचे काम सुरू झाले. अशा कामात गावाला श्रमदान करावे लागते. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी लागते. पावसाचे पाणी शेतात, नाल्यात आणि शेततळ्यांत अडवले गेले. त्या पाण्यावर कडवंचीत द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पाऊस आमच्याही शहरावर पडत होता. आम्ही तो वाहून जाऊ दिला.

विहीर परत मिळवावी म्हणून मी एका गवंड्याला बोलावले. तो म्हणाला, "सर, विहीर उघडायची तर खोली पाडावी लागेल, आणि खोलीच्या आधाराने वरचा मजलाही उभा आहे." विहीर गेली ती गेलीच. मग मी छताचे पाणी पन्हाळीतून उतरवून, वाळू आणि खडीच्या थरांतून गाळून, कूपनलिकेजवळच्या खड्ड्यात सोडले. हिशेब तुम्हीही करून पाहा. छत १०० चौरस मीटर असेल आणि वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छतावर ६०,००० लिटर पाणी पडते. सगळे हाती लागत नाही, पण बरेचसे लागते.

आपल्या संविधानाने १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली. वने, सरोवरे, नद्या यांचे रक्षण करणे हे त्यांपैकी एक आहे. हे कर्तव्य परीक्षेत लिहिल्याने गुण मिळतील. पण एखाद्या रात्री तुमच्या घरीही असाच काही प्रश्न निघेल. झाड तोडायचे का, विहीर बुजवायची का, कचरा कोठे टाकायचा, असे कोणीतरी विचारील. सगळे एका बाजूला असतील. तुम्हांलाही विचारले जाईल. तेव्हा मनात जे खरे वाटते, तेच बोला. मी बोललो नाही. त्या खोलीत आजही झोपताना मला रहाटाचा आवाज आठवतो.