डावं-उजवं, सावधान आणि घाम

जबलपूरला आलेल्या मराठी पाहुण्यांना ग्वारीघाटावर नेलं की मी हमखास एक प्रश्न विचारतो. आपण उभे आहोत तो नर्मदेचा कुठला किनारा, डावा की उजवा? बहुतेक जण पाण्याकडे बघून अंदाज मारतात. नकाशावाचनाच्या पहिल्या तासाला शिकवलेलं उत्तर सोपं आहे: नदी जिकडे वाहते तिकडे तोंड करा. नर्मदा पश्चिमेला जाते, म्हणून उत्तरेचा हा घाट उजव्या किनाऱ्यावर. बघणारा कुठे उभा आहे याला किंमत नाही. डावं-उजवं नदीचं.

माणसाच्या शरीराचंही तसंच, हे आमच्या डॉक्टरसाहेबांनी बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंटसाठी निवडलेल्या जवानांना सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. डावं-उजवं नेहमी जखमीचं, तुमचं नाही. रेडिओवर ‘उजव्या बरगड्यांखाली जखम’ म्हटलं तर मागे बसलेला सर्जन यकृत गृहीत धरून तयारीला लागतो. ‘डाव्या’ म्हटलं तर प्लीहा. समोर उभं राहून आपला उजवा हात ज्या बाजूला, ती उजवी, असं सांगणारा भलतीच वर्दी देतो.

शरीररचनेचं सगळं वर्णन एका ठरावीक पवित्र्यात उभ्या असलेल्या माणसाचं असतं. ताठ उभा, नजर समोर, हात बाजूला, पण तळवे पुढे आणि अंगठे बाहेर. म्हणजे जवळजवळ सावधानच, फक्त मुठी उघडून तळवे फिरवलेले. आमच्या ड्रिल उस्तादांनी हे चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण कारण पक्कं आहे. तळवा पुढे असला की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन्ही हाडं समांतर राहतात. तळवा मागे वळवला की एक हाड दुसऱ्यावरून आडवं जातं. स्वतःच्या हातावर बोटं ठेवून बघा, कळेल.

रचना अशी चित्रात दाखवता येते. शरीर चालतं कसं, हे चित्रात मावत नाही. तिथे एक शब्द पुरतो: समस्थिती. बाहेर काहीही चालू असो, आतलं तापमान, पाणी, मीठ, साखर ठरावीक मर्यादेत ठेवायचं. फ्रान्सच्या क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात ही कल्पना मांडली, आणि अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये तिला आजचं इंग्रजी नाव दिलं, होमिओस्टेसिस. हेच कॅनन पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन जखमी सैनिकांमधला शॉक अभ्यासत होते. रक्त गेल्यावर शरीर आधी काय वाचवतं आणि काय सोडून देतं, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं होतं.

जबलपूरच्या उन्हाळ्यात हा शब्द पुस्तकातून बाहेर येतो. पाठीवर पिठ्ठू आणि हातात रायफल घेऊन जवान पाच किलोमीटर धावतो तेव्हा स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच कामाला येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला रक्त कातडीकडे पाठवावं लागतं. पण पायांनाही रक्त हवं, मेंदूलाही हवं, आणि एकूण रक्त जेमतेम पाच लिटर. एकच राखीव तुकडी आणि तीन मोर्चे. घाम गळाल्यानं शरीर थंड होत नाही, तो वाळल्यानं होतं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असतो, पण हवा कोरडी, घाम वाळतो, पाठीवर मिठाचे नकाशे उमटतात. जूनच्या मध्यावर ढग येतात, पारा उतरतो, सगळे हुश्श करतात. माझ्या मते खरा धोका तेव्हा. घाम नुसता टपकतो, वाळत नाही.

अशाच एका ढगाळ सकाळी आमचा एक सातारकडचा जवान शेवटच्या किलोमीटरला तिरका धावू लागला. नाव विचारलं तर जुन्या पोस्टिंगमधल्या कंपनीचा नंबर सांगत होता. हवालदार म्हणाले, “साहब, पसीना तो आ रहा है, लू नहीं है।” गाडी आली होती, त्यात घालून हॉस्पिटलला पाठवायचं एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. नर्सिंग असिस्टंट आडवा आला. वय पंचवीस असेल नसेल. त्यानं बूट आणि कपडे उतरवले, पाण्याच्या टँकरचा पाइप सुरू केला, चौघांना टॉवेल घेऊन वारा घालायला लावला. थर्मामीटर काखेत न घालता गुदद्वारात घातला, तेव्हा ४०.८ आलं. “पहले ठंडा, फिर गाड़ी,” एवढंच तो म्हणत राहिला. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामानं भिजलेलं असू शकतं. खूण घामाची नाही, बिघडलेल्या शुद्धीची. मेंदू, यकृत, मूत्रपिंडं वाचवायला हाताशी जेमतेम अर्धा तास असतो, आणि तो रस्त्यात घालवायचा नसतो. पाऊण तासाने पोरगं मराठीत म्हणालं, “साहेब, माझी रायफल कुठाय?” तेव्हा मी खाली बसलो.

उंचीवर चढताना टप्पे आपण कधी चुकवत नाही. नऊ हजार फुटांवर सहा दिवस, बारा हजारांवर चार, पंधरा हजारांवर आणखी चार. माजी सैनिक वाचकांना हे झोपेतही आठवेल. उष्णतेचंही असंच असतं, हे मात्र फारसं कोणी मनावर घेत नाही. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं तर दहा ते चौदा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं.

त्या वर्गात शेवटी एका लान्स नायकानं विचारलं, ही सवय सुट्टीत राहते का? डॉक्टर म्हणाले, नाही, दोन-चार आठवड्यांत बरीचशी उतरते. सातारचा तो जवान महिनाभराची रजा संपवून पाचच दिवसांपूर्वी परतला होता, घरी महाबळेश्वरच्या बाजूच्या गारव्यात राहून. दुसऱ्या दिवशी हेड क्लार्ककडून मी रजेवरून परतलेल्यांची यादी मागवली. सतरा नावं निघाली. त्यांची धाव दोन आठवडे पुढे गेली आणि पहाटे साडेचारला लागली. लंगरच्या स्वयंपाक्यांनी तेवढी कुरकुर केली, चहा अजून लवकर ठेवावा लागतो म्हणून.