सातबाऱ्यावरची हिरवी टिक नेमकी कोणाची?

मंडळी, विषय जरा रुक्ष आहे. पण ज्याच्या नावावर दोन गुंठे जरी जमीन आहे, त्याने पाच मिनिटं काढून वाचावं.

१ मे २०१८ पासून आपल्याकडे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळायला लागला. १५ रुपये भरा, पीडीएफ उतरवून घ्या, तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने अशा सहीला हाताच्या सहीसारखीच मान्यता दिलीय. सोय मोठी आहे. किती मोठी, ते तलाठी कार्यालयात हेलपाटे घातलेल्या माणसाला विचारा.

आता ही पीडीएफ संगणकावर उघडली की सहीच्या जागी बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. मग दुकानातला पोरगा दोन-तीन क्लिक करतो, प्रश्नचिन्ह जातं, हिरवी टिक येते. प्रिंट निघते, कर्जाच्या फाइलला लागते. सगळे खूश. पण ती टिक दिली कोणी, हे कोणी विचारत नाही.

मी विचारायला लागलो आणि गावातल्याच, आयटीत नोकरी करणाऱ्या एका मुलाकडे जाऊन बसलो. त्याने लॅपटॉपवर पायथनमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. सही तपासायचं गणित त्याने स्वतः लिहिलं नाही. त्यासाठी ‘क्रिप्टोग्राफी’ नावाची तयार लायब्ररी आहे. सही करणाऱ्याकडे एक गुप्त किल्ली असते, ती फक्त त्याच्याकडे. दुसरी जाहीर किल्ली, तिने कोणीही सही तपासू शकतो.

त्याने साध्या मजकुराची एक फाइल केली, ‘क्षेत्र ०.४० हेक्टर’, आणि सही केली. तपासणी चालवली तर पडद्यावर काहीच आलं नाही. म्हटलं, बिघडलं का? तो म्हणाला, “नाही काका, सही बरोबर असली की हे गप्प बसतं. चुकली तरच ओरडतं.” मग त्याने ०.४० चं ०.९० केलं. लगेच एरर, सही अवैध. एका आकड्याचा फरक, तरी पकडला.

पुढचं ऐका. त्याने दुसऱ्या किल्ल्यांची जोडी तयार केली. त्यातल्या गुप्त किल्लीने तीच खोटी ०.९० ची फाइल सही केली आणि जोडीतल्या जाहीर किल्लीने तपासली. प्रोग्राम गप्प! म्हणजे सही बरोबर. गणित चुकलं नव्हतं. या किल्लीने सही झालीय आणि नंतर मजकूर बदललेला नाही, एवढंच ते सांगतं. किल्ली कोणाची, हे ते सांगत नाही.

ते सांगायला प्रमाणपत्रांची साखळी असते. आपल्या देशात तिचं मूळ केंद्र सरकारच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाकडे, म्हणजे सीसीएकडे आहे. सीसीएचं मूळ प्रमाणपत्र तुमच्या संगणकाला माहीत नसेल तर तो प्रश्नचिन्ह दाखवतो. ‘सही खोटी’ असं तो म्हणत नाही, ‘हा माणूस मला माहीत नाही’ एवढंच म्हणतो. अशा वेळी समोरच्याच प्रमाणपत्रावर डोळे झाकून ‘विश्वास ठेवा’ दाबलं, तर उद्या कोणी घरी बनवलेल्या किल्लीने सही केलेल्या सातबाऱ्यालाही तशीच टिक आणता येईल. ती टिक सरकारची नाही, दुकानातल्या पोराची.

‘तपासता आलं नाही’ म्हणजे ‘बरोबर आहे’ असं धरायची खोड मोठमोठ्यांनाही लागलेली आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये सही तपासणारं एक फंक्शन बरोबर असेल तर १, चूक असेल तर ० आणि तपासतानाच गडबड झाली तर उणे १ सांगायचं. काही ठिकाणी प्रोग्रामरांनी शून्य नसलेलं सगळं बरोबर धरलं. ते जानेवारी २००९ मध्ये दुरुस्त करावं लागलं.

आणि प्रिंटचं काय? कागदावर डिजिटल सही नसतेच, असतं ते तिचं चित्र. मोबाइलवरही बऱ्याचदा चित्रच दिसतं. तालुक्यातल्या एका पतसंस्थेत मी विचारलं, तुम्ही तपासता कसं? उत्तर मिळालं, “टिक दिसते ना!”

म्हणून सांगणं एवढंच. जमीन घेणार असाल तर समोरच्याने आणलेल्या प्रिंटवर इसार देऊ नका. त्या गटाचा सातबारा १५ रुपये भरून स्वतः काढा, किंवा त्यावरचा पडताळणी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. बँका-पतसंस्थांनी मूळ पीडीएफ मागावी आणि सीसीएचं मूळ प्रमाणपत्र अधिकृत ठिकाणाहून घेऊन एकदा संगणकात बसवावं. कर्ज देताना शेतकऱ्याला दहा कागद मागता, मग एवढं काम तुम्हीही करा.

तुमच्याकडच्या बँकेत कसं तपासतात, ते जरूर कळवा.