निळी काच

भिलाईत पुरता अंधार कधी पडतच नसे. रात्री कारखान्याच्या मागे तापलेली स्लॅग ओतली जाई, सेक्टरांवरचं आभाळ तांबूस होई आणि मग हळूहळू विझे. अंगणात खाटा टाकून झोपणाऱ्या आम्हा पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. गोंदियाहून आलेली आजी मात्र पहिल्याच रात्री 'आग लागली, आग लागली' म्हणत सगळ्यांना हलवत सुटली होती. बाबा कूस बदलून म्हणाले, "आई, झोप. ती रोजचीच आहे."

1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि धानाच्या शेतांत एक आखीव गाव उभं राहिलं. सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर. आमचा पत्ता म्हणजे नुसते आकडे. शाळेत निर्देशक भूमिती आली तेव्हा ती आम्हाला नवी वाटलीच नाही. शेजारी बंगाली, पलीकडे मल्याळी, समोर सरदारजी, बाजारात छत्तीसगढी, आणि मराठी फक्त उंबऱ्याच्या आत.

बाबा मेल्टिंग शॉपमध्ये होते. त्यांच्या खिशात एक निळ्या काचेचा तुकडा असायचा. भट्टीच्या दारातून आत नुसत्या डोळ्यांनी बघता येत नाही. त्या काचेतून बघितलं की झगझगाट मागे सरतो आणि पोलादाचा रंग पारखता येतो. रंगावरून बाबा तापमान सांगायचे. यंत्र होतंच, पण यंत्राचा आकडा यायच्या आधी यांचा आलेला असे. 'सोळाशेला आलंय.' मी ती काच डोळ्याला लावून घरातला साठचा बल्ब बघायची. पुढे पुस्तकात वीनचा नियम वाचला. सोळाशे अंशांच्या पोलादातून निघणाऱ्या प्रारणाचा मोठा भाग डोळ्याला दिसतच नाही, तो कातडीला कळतो. बी शिफ्ट करून आलेल्या बाबांच्या गालांवर मी तो रोज बघत होते, नाव तेवढं ठाऊक नव्हतं.

गावात मुलांना नाव विचारण्याआधी विचारत, "मॅथ्स लिया है कि बायो?" बायो म्हणजे सेक्टर नाइनचं हॉस्पिटल, मॅथ्स म्हणजे कारखान्याचं मेन गेट. तिसरा रस्ता गावाच्या नकाशात नव्हता. माणसं वाईट नव्हती. शेत सोडून आलेल्यांनी पोरांसाठी पक्का रस्ता शोधला होता, आणि पक्का रस्ता अरुंदच असतो.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. गणित त्याचं, माझं नव्हे. मी गणितं सोडवायची. तो त्यांच्याशी खेळायचा. एकच प्रमेय तीन रीतींनी सिद्ध करून तिसरी रीत 'देखणी' आहे म्हणायचा. 1986 साली तो बारावी झाला आणि त्याच वर्षी शेजारच्या दुर्गात भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघालं. (नाव भिलाईचं, पत्ता दुर्गचा, आमच्याकडे हे चालतं.) घरात चर्चा झालीच नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, पी.ई.टी.चा, फॉर्म बाबांनी आणला, दादाने भरला, आईने देवापुढे ठेवला.

1988 साली माझी पाळी आली. मी म्हटलं, मला भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचंय. वादळाची तयारी ठेवली होती. बाबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "कर की." आई म्हणाली, "मुलगी आहे, बी.एस्सी. चांगलंच. बी.एड.पण होईल." मला केवढा आनंद झाला! सायकलवरून दुर्गच्या सायन्स कॉलेजात जाऊ लागले. 1958 साली निघालेल्या त्या कॉलेजाला आज विश्वनाथ यादव तामस्करांचं नाव आहे. आपल्यासारखं आडनाव फाटकावर बघून आजी असती तर सुखावली असती.

पहिल्या वर्षी सरांनी प्लांकची गोष्ट सांगितली. 1874 साली सोळा वर्षांचा प्लांक म्युनिकमध्ये संगीत घ्यावं की भौतिकशास्त्र या घोळात होता. प्राध्यापक योली यांनी सांगितलं, भौतिकशास्त्रात आता फारसं उरलेलं नाही, एखादा कोपरा झाडायचा असेल तर असेल. त्याने तरी ते घेतलं. बर्लिनच्या प्रयोगशाळेत तापलेल्या पोकळीच्या भोकातून येणारा प्रकाश मोजला जात होता. कोणत्या तापमानाला कोणता रंग किती, एवढाच प्रश्न. 14 डिसेंबर 1900 ला प्लांकने उत्तर मांडलं आणि त्यातून पुंजवाद निघाला. मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तोही भट्टीतच बघत होता." बी.एस्सी. आणि बी.ई. यांच्यातली भिंत फॉर्मवर असते, भट्टीत नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी पुढे एम.एस्सी. केलं, रायपूरला तीस वर्षं मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी वर्गाला ऐटीत सांगायची, मी मनाचं ऐकलं, तुम्हीही ऐका. आता ते आठवलं की ओशाळायला होतं. मला मोकळं सोडलं होतं, कारण माझ्या पगाराकडे कुणाचे डोळे लागले नव्हते. ज्याला घर चालवायचं होतं त्याला कुणी 'कर की' म्हटलं नाही. माझं स्वातंत्र्य हे माझ्याकडून कसलीच अपेक्षा नसल्याचं दुसरं नाव होतं, आणि त्याची किंमत दादाच्या फॉर्मवर चढली होती.

दादा मेकॅनिकल करून त्याच मेन गेटातून आत गेला. मन लावून काम केलं, कधी कुरकुर नाही. यंदा त्याची धाकटी बारावी झाली. आता गावाला आयआयटीसुद्धा आहे, तीही दुर्गच्या बाजूला कुटेलाभाटाला. पोरीच्या मोबाइलवर पसंतीक्रमाची लांबलचक यादी: कम्प्युटर सायन्स इथलं, कम्प्युटर सायन्स तिथलं, आणि वेगळ्या फॉर्मवर पुण्याचं आयसर. तिने विचारलं, "आत्या, फिजिक्स घेऊ का?" मी उत्तर देण्याआधी दादाकडे बघितलं. तो तिच्या रफ वहीत मान घालून बसला होता, हातात पेन्सिल. म्हणाला, "हे असंही सुटतं बघ." आणि वही तिच्यापुढे सरकवली.

मी तिला काय सांगितलं ते राहू द्या. दादाला 1986 साली काय शिकायचं होतं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.