कॉइल, वायर आणि बाबा

एरर मेसेज वाचून त्यावर पोट भरणाऱ्या जमातीतला मी. तरीही गाडीच्या एका एरर मेसेजने मला अडीच हजारांना बुडवलं, आणि वर बाबांसमोर तोंडघशी पाडलं. त्याचीच ही गोष्ट.

तर झालं असं की, गाडी सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लागला. माझ्याकडे काडेपेटीएवढा स्कॅनर आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचला की ब्लूटूथवरून मोबाईलशी बोलतो. कोड आला पी०३५२. म्हणजे इग्निशन कॉइल ‘बी’च्या सर्किटमध्ये बिघाड. माझ्या गाडीत ‘बी’ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर.

"कॉइल गेली," मी जाहीर केलं.

"जागा बदलून बघितलीस का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, तुमच्या पद्मिनीचे दिवस गेले. आता कॉम्प्युटरच सांगतो काय बिघडलंय ते."

बाबांनी पेपर वर केला. मी ऑनलाइन कॉइल मागवली, स्वतः बसवली, कोड पुसला. आठ दिवस गाडी गुणी बाळासारखी चालली. नवव्या दिवशी रविवार होता. आम्ही सगळे भाईंदर-उत्तनमार्गे मनोरीला गेलो, मासे हाणले आणि परत निघताना गाडी पुन्हा थरथरली. या वेळी दिवा लुकलुकत होता. लुकलुकतो तेव्हा न जळालेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावत असतं. अशी गाडी हाकू नये.

आता मनोरीची गंमत अशी की, समोर मार्वे दिसतं, पण तिथे जाणारी फेरी माणसं नेते, बाइक नेते, कार नेत नाही. आई, बायको आणि पोराला फेरीने पाठवलं. उरलो मी, बाबा आणि पी०३५२. हो, तोच कोड!

"आता तरी जागा बदल," बाबा म्हणाले.

इथे थोडं कॉइलबद्दल. बॅटरी देते १२ व्होल्ट आणि प्लगला ठिणगीसाठी लागतात हजारो. कॉइलमध्ये कमी वेढ्यांची एक तार आणि खूप जास्त वेढ्यांची दुसरी. पहिलीतला करंट झटकन तोडला की दुसरीत ते हजारो व्होल्ट तयार होतात. पद्मिनीत चारही सिलिंडरना मिळून एकच कॉइल असे, आणि करंट तोडायचं काम पॉइंट करायचा. आता बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते आणि करंट कधी तोडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण बाबांची युक्ती काही तिच्याबरोबर गेली नव्हती. ते तेव्हा प्लग आणि प्लगच्या वायरी अशाच अदलाबदल करून बघायचे. इथे तर चार सारख्या कॉइल समोर होत्या.

इंजिन बंद करून एक आणि दोन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली. कोड पुसला, गाडी चालू केली. आता पी०३५१ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गुन्हेगार.

आला पी०३५२.

म्हणजे कॉइल निर्दोष. नवीच नव्हे, घरी कपाटात पडलेली जुनीसुद्धा!

बाबांनी बांबूची एक काडी उचलली. इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून, दोन नंबरच्या कनेक्टरकडे जाणारी वायर काडीने हलकेच ढकलली. थरथर थांबली. काडी काढली, पुन्हा सुरू. इंजिन बंद करून वायरचं आवरण सोललं, तर आत तांबं हिरवं पडलेलं आणि जेमतेम दोन-तीन तारा शाबूत. कॉइल बदलताना माझ्या हातून ती वायर हलली होती, म्हणून ते आठ दिवस मिळाले. मी त्याला ‘फिक्स’ समजलो.

कोडमध्ये ‘सर्किट’ हा शब्द स्वच्छ लिहिला होता. सर्किट म्हणजे कॉइल, कनेक्टर, वायर, फ्यूज, अगदी कॉम्प्युटरसुद्धा. तक्रार कुठून आली एवढंच कोड सांगतो, दोष कुणाचा ते नाही. ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने एरर जिथे दिसली तीच ओळ बदलून ‘झालं’ म्हटलं, तर मी त्याला अर्धा तास पिडतो.

बाबांनी तारा पिळून जोडल्या, वर टेप गुंडाळली. हळूहळू उत्तन, भाईंदर करत घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून नीट सोल्डर करून घेतलं. वाटेत बाबा ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. शेवटी भाईंदरच्या सिग्नलला मीच म्हणालो, "चुकलं माझं. त्या दिवशी ऐकायला हवं होतं."

"गाडी न्यूट्रलला टाक," ते म्हणाले.

असो. जुनी कॉइल आता डिकीत असते, स्पेअर म्हणून. शेजारी बाबांनी हातभर वायर, टेपचं बंडल आणि ती बांबूची काडी ठेवली आहे.