कॅप्सूलचा हिशेब

आमच्या आईला आमवात. हाताची बोटे सुजायची, सकाळी पोलक्याचे हुकसुद्धा लागत नसत. ओळखीच्या एका गृहस्थांनी हळद, शल्लकी आणि रेशी नावाच्या अळिंबीच्या कॅप्सूलची डबी आणून दिली. किंमत नऊशे रुपये! पंधरा दिवसांत आई म्हणाली, "बरं वाटतंय रे." आम्ही हरखलो. तिने दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या, तरी आम्ही गप्प बसलो. चूक आमचीच.

आम्ही बी.कॉम. झालेले, पावती पाहिल्याशिवाय कुणाचा खर्च लिहीत नाही. इथे मात्र नुसत्या शब्दावर जमा धरली. हाँगकाँगमध्ये रेशी आणि काही चिनी वनौषधींची चाचणी आमवाताच्या ६५ रोग्यांवर २४ आठवडे झाली. तिचा अहवाल २००७ साली आला. काहींना औषध, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सूल. कोणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. नेहमीची औषधे सर्वांची चालूच होती. औषधवाल्यांचे दुखणे कमी भरले, पण सूज दाखवणारे रक्तातले सीआरपी काही हलले नाही. म्हणजे आई खोटे बोलत नव्हती. दुखणे कमी होते, सूज आत आपले काम करीत होती.

दोन महिन्यांनी रक्त तपासले, तर सीआरपी ६ वरून ३८ वर! डॉक्टर रागावले नाहीत. डबी उलटसुलट पाहिली, यकृताचीही तपासणी लिहून दिली. ती ठीक निघाली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, बोटे उतरली. उजव्या हाताचे मधले बोट तेवढे वाकडे राहिले.