अक्काच्या रक्तातला चुना

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे आठवतात. कंबर दुखली की गोळी घ्यावी, एवढेच आपले ज्ञान. पण हाच चुना रक्तात वाढला तर जिवावर उठतो, हे माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात आम्हाला कळले.

अक्काच्या थायरॉइडचे ऑपरेशन फार वर्षांपूर्वी झाले. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम सांभाळणे हे त्यांचे काम. ऑपरेशननंतर त्या निकामी झाल्या. कॅल्शियम उतरले की अक्काची बोटे आखडायची, ओठांना मुंग्या यायच्या. कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या तिच्या पाचवीलाच पुजल्या.

मागच्या वर्षी उलटेच घडले. सारखी तहान, सारखी लघवी, पोट साफ नाही, दिवसभर गुंगी. नातवाचे नावही तिला आठवेना. कॅल्शियम साडेदहाच्या आत हवे, ते चौदाच्या वर गेलेले. गोळ्या जास्त झाल्या, असेच सगळ्यांना वाटले. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, सलाईन लावले. कॅल्शियम उतरले आणि पुन्हा चढले. गोळी पोटात नाही, मग हे येते कुठून?

एका डॉक्टरीणबाईंनी अक्काला नीट तपासले. छातीत गाठ होती. अक्काने ती पदराआड लपवली होती. "या वयात कुणाला दाखवू गं?" एवढेच ती म्हणाली.

काही कॅन्सर पॅराथायरॉइडच्या रसासारखाच रस तयार करतात. तो हाडांतला चुना रक्तात ओढतो आणि लघवीवाटे जाऊ देत नाही. फुलर ऑल्ब्राइट या डॉक्टरांनी 1941 साली तसा तर्क केला. तो रस 1987 साली सापडला. एरवी अशा रोग्याचा खरा पॅराथायरॉइड रस तपासणीत कमी दिसतो आणि डॉक्टरांना कॅन्सरची शंका येते. अक्काचा तर आधीपासूनच कमी. ती खूण तिच्या उपयोगाची नव्हती.

हाडांतला चुना रोखणारे झोलेड्रॉनिक अॅसिडचे इंजेक्शन दिले. अशा रोग्याचे कॅल्शियम त्यानंतर एकदम घसरू शकते, म्हणून पुन्हा पुन्हा रक्त तपासून गोळ्या परत सुरू झाल्या. आता कॅन्सरचे उपचार चालू आहेत. डॉक्टरांनी हमी दिलेली नाही. पण अक्का शुद्धीवर आहे, माणसे ओळखते.

भगिनींनो, गोळ्या मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका. जुना आजार असला तरी नवे दुखणे त्याच्याच खात्यावर टाकू नका. आणि गाठ लागली तर लाजू नका, त्याच आठवड्यात दाखवा.