दूरदेशीचा राजगिरा



गेल्या वर्षी दिवाळी आटोपून मी लेकाकडे मेक्सिकोला गेले आणि संक्रांतीच्या सुमारास परत आले. तेव्हापासून दिंडीतल्या बायका भेटल्या की एकच विचारतात, "बाई, तिकडं काय बघितलंत?" फलटणजवळच्या खेड्यात तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले. एवढा लांबचा प्रवास कपाळी असेल असं कधी वाटलं नव्हतं. बघितलं पुष्कळ. पण जे सांगायचं ते ओट्यावर बसून चार वाक्यांत सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

आधी मनातली अढी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये हे गेले. करोनाचे दिवस. दवाखान्यातून घरी आणायला मिळालं नाही, अग्नी धाकट्या दिरांनी दिला. लेक मेक्सिकोत अडकलेला, येण्याचा मार्ग नाही. तो फोनवर रडत होता आणि मी एवढंच म्हणाले, "असू दे, तुझं चालू दे." शब्द साधे, पण कसे म्हटले ते माझं मला ठाऊक. पुढे तो दोनदा येऊन गेला. एकदा जाताना ह्यांचे टाळ मागितले, मी न बोलता काढून दिले. शोभेच्या कपाटात ठेवणार, दुसरं काय, असं मनात म्हटलं. चार वर्षं आमचं बोलणं 'जेवलास का' आणि 'पाऊस पडला का' ह्याच्या पुढे गेलं नाही.

त्या दोन वर्षी पालख्या एसटीने पंढरीला गेल्या. २०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा मी गेले नाही. दिंडीत ह्यांची जागा मोकळी बघवणार नाही, असं लोकांना सांगितलं. खरं म्हणजे माझा राग लेकावर होता, आणि थोडा विठोबावरही होता.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच आहे. पहिले चार दिवस जिना चढताना धाप लागली. गळ्यात माळ, त्यामुळे खाण्याची धास्ती वेगळीच. सूनबाईने मला दोन शब्द पाठ करून दिले. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, आणि 'सिन मान्तेका', म्हणजे डुकराची चरबी नको, कारण घेवड्याच्या उसळीतसुद्धा ती घालतात. 'सिन कार्ने' म्हटलं की काही जण आनंदाने कोंबडी पुढे करतात. त्यांच्या लेखी कोंबडी मांसात मोडत नाही! मी दोन्ही हात जोडायची, मग त्यांना कळायचं.

पण मक्याची भाकरी, जिला ते तोर्तिया म्हणतात, ती पाहिली आणि माझं मन निवलं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी साल निघते, मग वाटून पीठ करतात. चुन्यामुळे मक्यातलं सत्त्व अंगी लागतं. ही युक्ती तिथल्या बायकांना हजारो वर्षांपासून माहीत आहे. मका युरोपात गेला, पण ही रीत सोबत गेली नाही. नुसत्या मक्यावर जगणारी गोरगरीब माणसं तिथे पेलाग्रा नावाच्या रोगाने हैराण झाली. धान्य नेलं आणि आईचं शहाणपण मागे राहिलं, की असं होतं.

बाजारात एक म्हातारी पाट्यावर पीठ वाटत होती. पाटा तीन पायांचा, उतरता, आणि ती त्याच्यापुढे गुडघ्यावर बसलेली. पाट्याला मेताते म्हणतात आणि वरवंट्याला 'मानो', म्हणजे हात. मला हे नाव फार आवडलं. आपला फड्या निवडुंग तिथे काटे काढून, चिरून भाजी करून खातात. चिकूला ते चिकोसापोते म्हणतात. फळ तिकडचं, तसं आपलं नावही तिकडूनच आलेलं.

मिरची, टोमॅटो, मका, पेरू, सीताफळ, सारं त्या खंडातलं. मग एकादशीचं ताट आठवून बघितलं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, राजगिरा, सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडात. वरीचे तांदूळ तेवढे आपले. ज्या फराळावर आपण एकादशी करतो, तो समुद्रापलीकडून आला आणि आपण त्याला सोवळ्यात घेतला. माणसाला मात्र घ्यायला आपण किती वेळ लावतो!

राजगिऱ्याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. तिथले जुने लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड रस घालून देवांच्या मूर्ती घडवत, आणि पूजा झाली की तुकडे करून प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश राज्यकर्ते आले, त्यांना हे मूर्तिपूजेचं धान्य खपलं नाही. त्यांनी ते दडपलं. पण धान्य मेलं नाही. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तुल्येवाल्को नावाचं गाव आहे, तिथे आजही लाह्या फोडून मध किंवा गुळाच्या पाकात वड्या थापतात. वर शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया. अगदी आपली राजगिऱ्याची चिक्की! त्या वडीचं नाव 'अलेग्रिया'. अर्थ विचारला तर सूनबाई म्हणाली, "आई, अलेग्रिया म्हणजे आनंद."

एका दुपारी नातू मला चित्र दाखवायला घेऊन गेला. दिएगो रिव्हेरा ह्या चित्रकाराने १९४७ साली एका हॉटेलासाठी काढलेलं भिंतभर चित्र. १९८५ च्या भूकंपात हॉटेल मोडकळीला आलं, पण भिंत वाचली आणि ती उचलून जवळच खास संग्रहालयात ठेवली. बागेतल्या रविवारच्या गर्दीत चारशे वर्षांच्या इतिहासातली माणसं उभी आहेत, आणि मधोमध पिसांची मोठी टोपी घातलेला एक हाडांचा सापळा, नटलेल्या बाईचा. तिला कात्रिना म्हणतात. होसे ग्वादालुपे पोसादा ह्या कारागिराने ती आधी छापाच्या चित्रात काढली होती. टोपी कितीही भारी असो, खाली हाडंच, हा तिचा सांगावा. आपल्याकडे कीर्तनकार हेच सांगतात, पण ते ऐकताना मी मान डोलावते. इथे नातवाचा हात हातात होता आणि मला ह्यांची आठवण आली. मी पटकन बाहेर आले.

त्याच आठवड्यात तिथला मृतांचा सण. १ आणि २ नोव्हेंबर. पहिला दिवस गेलेल्या लेकरांचा, दुसरा मोठ्यांचा. आपल्या पितृपक्षासारखाच, पण तिथे कावळ्याची वाट बघत नाहीत, फुलांची वाट घालतात. खामाइका नावाच्या फुलबाजारात गेलो तर झेंडूचे ढीग, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात असतात तसे. झेंडू मूळचा तिथलाच. त्याच्या जुन्या नावाचा अर्थ वीस पाकळ्यांचं फूल. पाकळ्या दारापासून घरात पसरतात, म्हणजे गेलेल्या माणसाला वास आणि रंग ओळखून घर सापडावं. आत मांडणी करतात. फोटो, मेणबत्त्या, पेलाभर पाणी, मीठ, कोपाल नावाच्या डिंकाचा धूप, आणि त्या माणसाला आवडणारा पदार्थ. लांबून आलेला माणूस तहानलेला असतो, म्हणून पाणी.

१ तारखेच्या सकाळी लेकाने दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला लावलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्याने झेंडू पसरला, ह्यांचा फोटो ठेवला, पाण्याचा पेला ठेवला. मग कपाटातून लाल फडक्यात गुंडाळलेलं काही काढलं. ह्यांचे टाळ. पितळ लख्ख घासलेलं. सूनबाई हळूच म्हणाली, "दरवर्षी करतात, आई. बाबा गेले त्या वर्षापासून. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी त्यांच्या मांडणीत जागा दिली होती. त्यांचेही पती त्याच साथीत गेले."

मला काही सुचेना. चार वर्षं मी धरून बसले होते की ह्याने बापासाठी काही केलं नाही. आणि हा पोरगा दरवर्षी परक्या देशाच्या रीतीने बापासाठी वाट आखत बसला होता. मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

दुपारी मोबाइलवर पंढरपूर लावलं. २०२५ ची कार्तिकी एकादशी २ नोव्हेंबरला होती. आपल्याकडे २ तारखेची पहाट, महापूजा चाललेली, आणि तिथे अजून १ तारखेची दुपार. मग उपवास धरायचा कधी? मी दोन्ही दिवस धरला. एक पंढरीच्या घड्याळाचा, एक लेकाच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताट घेऊन आला. ज्वारीचं पीठ कुठून मिळवलं देव जाणे, पण भाकरी होती, शेंगदाण्याची चटणी होती, कांदा होता. ताट फोटोपुढे ठेवायला वाकला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, आज एकादशी. त्यांना भाकरी कशी चालेल?"

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. चार वर्षांत त्याच्या वडिलांबद्दल मी त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मग ताट तसंच ओट्यावर ठेवून तो लहानपणी रडायचा तसा रडला. मीही रडले. "आई, मला येता आलं नाही," म्हणाला. मी म्हटलं, "ठाऊक आहे रे. तेव्हाही ठाऊक होतं." माउली, एवढं म्हणायला मला चार वर्षं आणि एवढा समुद्र ओलांडावा लागला.

भाकरी काढली. फोटोपुढे अलेग्रियाच्या दोन वड्या ठेवल्या. संध्याकाळी खाली रस्त्यावर वाफेची शिट्टी वाजली. भाजलेली रताळी विकणारा भट्टीची गाडी घेऊन येतो, त्याची ती शिट्टी. नातू धावत जाऊन रताळी घेऊन आला. त्यातलं एक ह्यांना, बाकीची आम्ही खाल्ली. शेजारच्या आजी आल्या. त्यांना मराठी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही. त्यांनी माझ्या यजमानांच्या फोटोला हात जोडले, मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या यजमानांपुढे एक वडी ठेवली.

डिसेंबरात आणखी एक बघितलं. शहराच्या उत्तरेला तेपेयाक टेकडीपाशी ग्वादालुपे मातेचं मंदिर आहे. १५३१ साली ती हुआन दिएगो नावाच्या तिथल्याच एका गरीब माणसाला दिसली, अशी श्रद्धा. १२ डिसेंबरला तिचा दिवस. लाखो माणसं येतात. कोणी पुएब्लाहून डोंगर ओलांडून चालत, कोणी सायकलवर, पाठीला तसबीर बांधून. कोणी शेवटचं अंतर गुडघ्यावर चालतात. पायात बियांचे घुंगरू बांधून नाचणारे. रस्त्याच्या कडेला घरोघरची माणसं संत्री, पाणी, गरम पेज वाटतात आणि पैसे घेत नाहीत. आम्ही मायलेक ११ तारखेला शेवटचे काही मैल त्यांच्यासोबत चाललो. मंदिरात तसबिरीखाली सरकता पट्टा आहे. पंढरीत 'चला माउली, चला' म्हणतात, तिथे पट्टाच माणसाला पुढे नेतो. माझा देव विटेवरचा, तो तिथे बदलला नाही. मी हात जोडले ते धुळीने भरलेल्या त्या चालत आलेल्या पायांना. वारकरी दुसऱ्याच्या पाया पडतो, तेवढंच केलं.

परत येताना लेकाने टाळ माझ्या पिशवीत ठेवले. "तिथं वाजू देत," म्हणाला. आषाढीला येण्यासाठी त्याने रजा मागितली आहे. मिळेल, न मिळेल. मी दिंडीत नाव दिलं आहे. ह्यांच्या जागेवर जो कोणी उभा राहील, त्याच्या हाती टाळ देईन. पिशवीत राजगिऱ्याच्या वड्या असतील. ज्या माउलीला हव्या असतील, तिने मागून घ्याव्यात.

राम कृष्ण हरी.